काचेच्या कोटेशनवर सही करण्याआधी

प्रश्न: माझ्याकडे 1972 सालची डॅटसन 240 झेड गाडी आहे, नऊ वर्षांपासून. समोरच्या काचेला खालच्या डाव्या कोपऱ्यातून तडा गेलाय. दगड लागल्याचं आठवत नाही. काचेभोवतीचं रबर कडक झालंय, त्यातली स्टीलची पट्टी दोन ठिकाणी चेपली आहे. काच, रबर, नवी पट्टी आणि मजुरी असं सगळं धरून गॅरेजने जे कोटेशन दिलंय, ते आमच्या दोन महिन्यांच्या बचतीएवढं आहे. मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेल्या गुंतवणुकीतून पैसे काढू, कर्जाच्या हप्त्यांवर करू, की सध्या फक्त काच बदलून घेऊ? पत्नी म्हणते, आहे तशी विकून टाका. गाडी ही शेवटी गुंतवणूकच आहे ना?

उत्तर: काम करा. पण मुलीच्या पैशांतून नाही, कर्जावर नाही, आणि कोटेशन जसं लिहिलंय तसंही नाही.

तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते एकच वाक्य: दगड लागल्याचं आठवत नाही. दगडाने फुटलेल्या काचेवर बहुतेक वेळा आघाताची खूण असते, एक छोटा खड्डा, आणि तडा तिथून पसरतो. तुमचा तडा काठातून, तोही खालच्या कोपऱ्यातून निघाला आहे. जुन्या गाड्यांत पाणी साचतं ते नेमकं तिथेच. रबर कडक झालं की त्याची पकड सुटते, पाणी आत उतरतं आणि काच ज्या चौकटीत बसते तिच्या पत्र्याच्या काठावर बसून राहतं. मग पत्रा गंजतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणजे पत्रा फुगतो, काचेच्या काठाला खालून ढकलतो, आणि एखाद्या दिवशी उन्हात तापलेली काच काही न लागता तडकते. तुमच्या गाडीत हेच झालंय असं मी इथे बसून ठामपणे म्हणणार नाही. पण तसं असेल, तर त्याच चौकटीत बसवलेली नवी काचही तडकू शकते आणि सगळा खर्च दुसऱ्यांदा करावा लागेल.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका अशिलाच्या जुन्या गाडीची काच उतरवताना मी गॅरेजमध्ये उभा होतो. बाहेरून गाडी देखणी होती, पट्टी चकचकीत, रंग ताजा. कारागिराने रबर कापलं, दोघांनी मिळून काच बाहेर काढली. खालच्या कोपऱ्यात रंगाचा एक फुगवटा होता, नखाएवढा. कारागिराने त्यावर स्क्रूड्रायव्हरचं टोक ठेवलं, जोर असा लावलाच नाही, आणि टोक आरपार गेलं. आतून ओला तांबडा चुरा डॅशबोर्डवर सांडला. पायाखालचा गालिचा उचलला तर गाडीच्या तळाचा पत्राही गेलेला. पत्र्याचं जोडकाम (वेल्डिंग) आणि रंगाचं बिल काचेच्या बिलाच्या दुपटीहून जास्त आलं. आधी कोणी पाहिलं नव्हतं म्हणून गाडीच्या मालकाने त्यासाठी एक पैसाही बाजूला काढलेला नव्हता. तेव्हापासून अशा कामाचं कोटेशन समोर आलं की मी पहिल्यांदा विचारतो, चौकट उघडी करून कोणी पाहिली आहे का?

तुमची पाहिलेली नाही. म्हणून काम दोन टप्प्यांत मागा. पहिला टप्पा फक्त काच आणि पट्टी उतरवून चौकट तपासण्याचा. तुमच्या गाडीची काच चिकटवलेली नाही, रबराच्या खाचेत बसलेली आहे. जुनं रबर ब्लेडने कापलं की काच निघते, आणि हे काम कारागीर घरी येऊनही करू शकतो. रबर ओढून काढू देऊ नका, कापूच द्या, नाहीतर पट्टी आणखी चेपेल. दुसऱ्या टप्प्याचा आकडा चौकट पाहिल्यावरच ठरेल, आणि तो लेखी घ्या. बसवताना नवी काच फुटली तर ती कोणाच्या खर्चाने, हेही त्याच कागदावर आलं पाहिजे. याची तोंडी हमी घेऊन नंतर हात चोळत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता आकड्यांकडे. नंतर पाठवलेला तपशील मी असा मांडला: संपूर्ण कोटेशन 100 धरलं तर काच 40, नवी पट्टी 30, मजुरी 20 आणि रबर 10. सगळ्यांत स्वस्त वस्तू रबर आहे, आणि पाणी अडवते तीच. सर्वांत जास्त डोळ्यांत भरणारी वस्तू पट्टी आहे, आणि ती पाण्याचा एक थेंबही अडवत नाही.

पट्टीच्या बाबतीत तुमचं नशीब चांगलं आहे. जुन्या पोर्शे 911 च्या काचेभोवती ॲल्युमिनियमची पट्टी असते, तिला एकदा घडी पडली की ती सरळ करणं फार अवघड. तुमची स्टेनलेस स्टीलची आहे. ती गंजत नाही, आणि चेपलेली जागा मागच्या बाजूने लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने ठोकत उठवता येते. मग बारीक पॉलिश पेपर आणि शेवटी बफिंग. धीराचं काम आहे, महागाचं नाही. शिवाय उद्या गाडी विकायची झाली तर जाणकार गिऱ्हाईक मूळ पट्टीला नव्या नकलेपेक्षा जास्त मान देतं. यासाठी मी 30 च्या जागी 5 धरतो. एक मात्र लक्षात ठेवा, या गाडीत पट्टी रबराच्या खाचेत आधी बसवतात आणि मग काच, रबर, पट्टी असं सगळं एकत्र दोरीच्या साहाय्याने चौकटीत ओढून घेतात. त्यामुळे पट्टी नंतर बघू हा पर्याय तुमच्याकडे नाही. नंतर म्हणजे पुन्हा काच काढणं आणि पुन्हा मजुरी.

याच कारणासाठी फक्त काच बदलण्याचा पर्यायही मी खोडतो. नवी काच कडक झालेल्या रबरात बसवली की वाचतात जेमतेम 10, आणि पाण्याची वाट तशीच उघडी राहते. गळलं तर सिलिकॉन भरू, असं कोणी म्हणालं तर ठाम नकार द्या. साध्या सिलिकॉनमधून सुकताना ॲसिटिक ॲसिड सुटतं, ज्याचा तो व्हिनेगरसारखा वास येतो, आणि उघड्या पत्र्याला ते गंज लावतं. वर आत शिरलेलं पाणी बाहेर पडायची वाटही बंद होते.

तर माझा अंदाज असा: काच 40, रबर 10, मजुरी 20, पट्टीची दुरुस्ती 5, म्हणजे 75. त्यावर चौकटीच्या गंजासाठी 50 राखीव. एकूण 125. गॅरेजच्या आकड्यापेक्षा हा मोठा आहे हे मला दिसतंय. पण यात जे निघू शकतं ते धरलेलं आहे, त्यात धरलेलं नव्हतं. गंज किरकोळ निघाला तर 50 तुमच्याकडेच राहतील.

हे 125 कुठून आणायचे? मुलीच्या कॉलेजला 8 वर्षं आहेत. वर्षाला 9 टक्के परतावा धरला तर आज काढलेले 100 तेव्हा जवळजवळ 200 झाले असते. म्हणजे त्या खात्यातून दिलेली काच तुम्हाला दुप्पट किमतीला पडते, आणि ती किंमत जिला मोजावी लागेल तिला कोणी विचारलेलंही नाही. इथे मला अजिबात तडजोड नको आहे. कर्जाचं म्हणाल तर 15 टक्के दराने 24 महिन्यांच्या हप्त्यांत 100 चे 116 हून थोडे जास्त जातात. क्रेडिट कार्डावर थकबाकी ठेवाल तर महिना 3 टक्के व्याज चक्रवाढीने वर्षाला 42 टक्क्यांच्या वर जातं. अडीअडचणीसाठीचा निधी तर आधीच चार महिन्यांच्या खर्चापुरता आहे, मी सहा महिन्यांचा आग्रह धरतो. त्यालाही हात नाही.

राहिली मासिक बचत. मुलीचा आणि निवृत्तीचा भाग बाजूला काढल्यावर तुमच्या बचतीतली निम्मी रक्कम मोकळी उरते, म्हणजे याच मापात महिन्याला 25. पाच महिन्यांत 125. गाडीसाठी वेगळं खातं उघडा, पगाराच्या दुसऱ्या दिवशी रक्कम तिकडे वळवा आणि काम त्या गतीने करा. पहिल्या महिन्यात काच उतरवा, चौकट पाहा, सुटा गंज खरवडून उघड्या पत्र्यावर लगेच प्रायमरचा हात फिरवा. गाडी बंद गॅरेजमध्ये असते असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे काच नसतानाही ती कोरडी राहील. मधल्या महिन्यांत पट्टीवर स्वतः हात चालवा. पत्र्याचं काम निघालंच तर जुनी तडकलेली काच फेकू नका. दोन काचांमधल्या प्लॅस्टिकच्या पडद्यामुळे ती एकसंध राहते, आणि जोडकाम करताना चौकटीचा आकार तपासायला साच्यासारखी उपयोगी पडते. नवी काच आणि रबर आले की रंगाआधी एकदा बसवून पाहायला सांगा. रंगानंतर चौकट ठोकावी लागली तर रंगाचे पैसे वाया.

पाच महिने गाडी चालवता येणार नाही, याचं तुम्हाला वाईट वाटेल. नऊ वर्षं जिच्यावर जीव लावला तिच्या बाबतीत ते स्वाभाविक आहे. पण तडा सरकत सरकत चालकाच्या नजरेसमोर यायला एखादा खड्डा पुरतो, आणि समोरून आलेल्या दिव्यांचा उजेड त्या रेषेवर फुटला की रस्ता दिसत नाही. तशीही ती चालवू नयेच.

विम्याबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण पॉलिसी काढून वाचा. अचानक फुटलेल्या काचेची भरपाई बऱ्याच पॉलिसींत मिळते, झिजलेल्या रबराची आणि गंजाची सहसा नाही. दावा केलात तर तडा कसा गेला ते खरं तेच सांगा, आणि आधी हिशोब करा: तुमच्या वाट्याची रक्कम वजा करून हातात किती येतात, आणि त्यापायी दावा न केल्याची सवलत किती वर्षं जाते. दुसरं, पॉलिसी घसाऱ्यानंतरच्या मूल्याची आहे की आधी ठरवून घेतलेल्या मूल्याची? पन्नाशी ओलांडलेल्या गाडीचं घसारा वजा जाता मूल्य कागदावर जवळपास शून्य होतं. ठरलेल्या मूल्याची पॉलिसी मिळत असेल तर घ्या. दुरुस्तीचे फोटो आणि बिलं तिथेच कामी येतात.

आता गुंतवणुकीचं. नाही, गाडी तुमची गुंतवणूक नाही. अनेक वर्षांत 240 झेडच्या किमती वाढल्या हे खरं, पण तुम्ही नऊ वर्षांत विमा, देखभाल, सुटे भाग आणि जागा यांवर किती घातलेत ते एकदा लिहून काढा आणि मग परतावा मोजा. ती तुमची आवड आहे, आणि आवडीवर खर्च करायला माझी ना नाही. फक्त तो खर्च आवडीच्या खात्यातून जाऊ दे.

पत्नीचं म्हणणं मात्र झटकून टाकू नका. विकायचीच असेल तरी आज नको. तडकलेली काच आणि कडक रबर पाहिलं की जाणकार गिऱ्हाईक न दिसणाऱ्या गंजाची सर्वांत वाईट कल्पना करतं आणि तेवढी किंमत पाडतं. चौकट उघडून पाहिली, फोटो काढले, की निदान जे आहे त्याचीच किंमत पाडली जाईल. पहिल्या टप्प्यानंतर दोघं शेजारी बसून ठरवा. गंजाचं काम 50 च्या आत असेल तर पुढे चला. 100 च्या वर गेलं, तर पत्नीचा पर्याय माझ्या मते जास्त शहाणपणाचा आहे, आणि तो वेळेवर सुचवल्याबद्दल त्यांचे आभार माना. मधे कुठेतरी अडकलं, तर खालच्या दोन्ही कोपऱ्यांचे आणि गालिच्याखालच्या पत्र्याचे जवळून काढलेले फोटो कारागिराच्या लेखी अंदाजासोबत मला पाठवा. आपण तेव्हा पुन्हा हिशोब मांडू.