गार पाण्याच्या आंघोळीने ‘नीट’चे गुण वाढत नाहीत

पत्र : मुलगी लातूरला खोली घेऊन दुसऱ्यांदा नीट देते आहे. पहिल्या वेळी ७२० पैकी ४३८. रात्री १२ पर्यंत अभ्यास करते. पहाटे ४ ला मी व्हिडिओ कॉल करून उठवतो आणि गार पाण्याने आंघोळ करायला लावतो. शरीर थंड झालं की मेंदू तल्लख करणारं प्रथिन तयार होतं, असा लेख तिनेच दाखवला होता. आता म्हणते, डॉक्टर व्हायचं नाही, शरीराचं तापमान आणि जैविक घड्याळ यावरच संशोधन करायचं. तिला पुन्हा मार्गावर कसं आणू? — एक वडील, जि. नांदेड

सप्रेम नमस्कार,

गुणांचं नंतर बघू. आधी तो चारचा फोन.

१७-१८ वर्षांच्या मुलीला ८ तास तरी झोप हवी. तुम्ही तिला ४ देताय, तेही रोज. या वयात शरीराचं घड्याळ मुळातच उशिराने चालतं, झोपच उशिरा लागते. त्याला आळस म्हणू नका. माणसाचं तापमान संध्याकाळी सर्वांत जास्त असतं आणि पहाटे सर्वांत कमी, फरक साधारण १ अंश सेल्सिअसचा. तुमचा फोन त्या तळाच्या आसपास वाजतो. पुस्तक उघडं राहतं, डोक्यात काही राहत नाही. ब्राह्ममुहूर्ताचं म्हणाल, तर तेव्हा उठणारी आजी-आजोबांची पिढी दिवेलागणीनंतर दोन-तीन तासांत अंथरुणाला पाठ टेकत असे. तेवढं आपण सोयीने विसरलो. आणि हो, नीटचा पेपर गेली काही वर्षं दुपारी २ ला सुरू होतो!

आता गार पाणी. लेखातलं प्रथिन खरं आहे, अर्थ मात्र उलटा लागला. त्याचं नाव सीआयआरबीपी, ते आरएनएला, म्हणजे जनुकाचा निरोप वाहणाऱ्या रेणूला, चिकटतं. २०१२ मध्ये जिनिव्हात जीवशास्त्रज्ञ यूली शिब्लर यांच्या प्रयोगशाळेने उंदराच्या पेशींना दिवसभरातल्या शरीराच्या तापमानासारखे हळूहळू चढउतार दिले. तापमान उतरलं की हे प्रथिन वाढे, चढलं की कमी होई. ते ज्या आरएनएंना चिकटतं त्यांत ‘क्लॉक’ या घड्याळाच्या जनुकाचा आरएनएही सापडला. सीआयआरबीपी घटवल्यावर त्या जनुकापासून बनणारं क्लॉक प्रथिन फारच कमी साठलं आणि घड्याळाच्या जनुकांचा रोजचा झोका, म्हणजे कामातला चढउतार, लहान झाला. वेगळ्या वाटेने क्लॉक पुरवलं, तेव्हा तो सुधारला. म्हणजे या प्रथिनाचं काम घड्याळाचा झोका दमदार ठेवणं; स्मरणशक्ती वाढवणं नव्हे. मेंदूला फायदा दिसला तो त्याच्या भावंडाचा, आरबीएम३ या प्रथिनाचा, आणि तोही मेंदूच्या आजाराच्या उंदरांमध्ये. त्यांचं शरीर १६ ते १८ अंशांपर्यंत उतरवलं होतं. पाच मिनिटं गार तांबे ओतून माणसाचं आतलं तापमान जेमतेम हलतं, कारण कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच अडते. शिवाय प्रथिन साठायला काही तास लागतात. पेशींना हवा असतो तो रोज ठरल्या वेळी होणारा सावकाश चढउतार, आणि तो तुम्ही अलार्म लावून मोडताय. आंघोळीचा उपयोगच करायचा असेल तर झोपण्याआधी एक-दोन तास गरम पाण्याने करायला सांगा. हातापायांच्या कातडीत रक्त वाढतं, उष्णता बाहेर पडते, आतलं तापमान उतरतं, झोप लवकर लागते.

मुलीसाठीही दोन शब्द. हा भाग तिला वाचायला द्या. या विषयातलं रोजचं काम लेखाइतकं देखणं नसतं. पेशी ३४ ते ३८ अंशांत फिरणाऱ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या, दर ४ तासांनी नमुने घ्यायचे, सलग ४८ तास. एका वेळी ३ डिशेस धरल्या तर ३६ नमुने. प्रथिन काढून टाकलेल्या पेशींचे तेवढेच वेगळे. २४ तासांवर थांबलीस तर एकच लाट दिसते, ती लय आहे की योगायोग ते ठरत नाही. मध्येच पेशींचं माध्यम (त्या वाढतात तो द्रव) बदललंस तर घड्याळ शून्यावर येतं. इन्क्युबेटरचं दार उघडं राहिलं तर जे मोजायचं तेच बिघडतं. हातमोजे न बदलता ट्यूब हाताळलीस तर बोटांवरची विकरं आरएनए खाऊन टाकतात. आणि मिळालेल्या आकड्यांतून लय काढायला साइन-कोसाइन लागतात. बायोलॉजी आहे म्हणून गणित सुटलं, असं समजून येणार असशील तर येऊ नकोस.

रस्ता : आयसर या विज्ञान संस्थांसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा (६० प्रश्न, त्यांत १५ गणिताचे), नायसर आणि मुंबईची सीईबीएस या तशाच संस्थांसाठी नेस्ट. ५ वर्षं बीएस-एमएस किंवा इंटिग्रेटेड एमएस्सी, पुढे आणखी ५-६ वर्षं पीएचडी. पीएचडीच्या सुरुवातीची शिष्यवृत्ती (जेआरएफ) महिना ३७,००० रुपये. भारतात हा विषय रुजलेला आहे : मदुराईत एम. के. चंद्रशेखरन यांनी वटवाघळांवर काम केलं, बंगळुरूच्या जेएनसीएएसआर या संशोधन संस्थेत फळमाश्यांवर चालतं. घर-गाडी लवकर हवी असेल तर हा मार्ग नाही, हे तिला स्पष्ट सांगा. पण ‘तिला मार्गावर आणा’ म्हणता, ते मी करणार नाही. आजारी माणसांत रमत नसलेली डॉक्टर काय कामाची?

अर्थात, ४ तासांच्या झोपेवर घेतलेला तिचा निर्णयही मी आज खरा धरत नाही. विषयाची ओढ आहे की नीटपासून सुटका हवी आहे, हे थकलेल्या माणसाला स्वतःलाच कळत नाही. म्हणून तीन आठवडे एवढं करा. रात्री ११ ते सकाळी ७ झोप, रविवारीही तीच वेळ. एकदम जमणार नाही. झोपायची वेळ दर तीन-चार दिवसांनी अर्ध्या तासाने अलीकडे आणा. उठल्यावर २० मिनिटं उघड्यावर उजेडात चालणं. सराव पेपर दुपारी २ लाच. अभ्यासाचे तास कमी होतील, होऊ द्या. मग तिला आयएटी आणि नीट दोन्हींचा एकेक जुना पेपर सोडवू द्या आणि काय ठरवलं ते तिलाच मला लिहायला सांगा.

फोन रात्री ९ ला करा. मार्कांचा विषय काढू नका.