डिअर म्हणजे लाडका की महाग?

प्रश्न: लंडनला मुलीकडे गेले होते तेव्हा दुकानात एक आजी टोमॅटो हातात घेऊन 'टू डिअर' म्हणत परत ठेवत होत्या, हे काय?

उत्तर: अहो ताई, महाग आहेत म्हणत होत्या त्या! जुन्या इंग्रजीतला 'देओरे' म्हणजे मोलाचा, महाग आणि लाडकासुद्धा, जर्मन 'टॉयर' त्याचाच भाऊबंद आणि तो आजही मुख्यतः महागच. 'डार्लिंग' यातूनच आलं, आणि टंचाईचा 'डर्थ'पण, माल कमी पडला की भाव चढणारच ना. 'डिअर सर'मध्ये मात्र प्रेम शोधू नका, तो नुसता रिवाज. आणि लंडन कशाला, आपल्या पगाराच्या स्लिपवरचा डीए बघा, डिअरनेस अलाउन्स, म्हणजे महागाई भत्ता!