हरलेल्यांची तिकिटं

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही दोघं मुलुंडला राहतो, मी बँकेतून रिटायर होऊन तीन वर्षं झाली. मुलगी अमेरिकेत मिशिगनमध्ये अ‍ॅन आर्बरला शिकतेय आणि आम्ही २०२७ च्या फेब्रुवारी अखेरीस तिच्याकडे जातोय ते एप्रिलच्या मध्यापर्यंत. मी कॉलेजात असताना बास्केटबॉल खेळायचो (पोट बघून आता कोणी विश्वास ठेवत नाही), त्यामुळे तिकडची ती मार्च मॅडनेस म्हणतात ती कॉलेज टूर्नामेंट एकदा तरी समोर बसून बघायचीय. फायनल तेव्हा डेट्रॉइटलाच आहे म्हणे, लेकीपासून तासाभरावर. पण भाव बघितले आणि लॅपटॉप मिटला. ती म्हणते बाबा मी काढते, पण तिच्या पैशाने नको. पेन्शनीत बसेल असं काही आहे का?
एक वाचक, मुलुंड

उत्तर: काका, तुम्ही जे भाव बघितलेत ते फायनल फोरचे असणार, आणि त्या नादाला लागलात तर लॅपटॉप मिटलेलाच बरा. फायनल फोर म्हणजे शेवटच्या चार टीम, ३ एप्रिलला शनिवारी दोन सेमीफायनल आणि ५ तारखेला सोमवारी फायनल, डेट्रॉइटच्या फोर्ड फील्डवर. त्याची मूळ किमतीची तिकिटं साधारण वर्षभर आधी अर्ज भरून सोडतीत निघतात, आपल्या म्हाडासारखं, आणि नंतर जे विकायला येतं ते दुसऱ्याच्या हातातलं असतं, त्याला वाटेल तो भाव. त्यात मिशिगनची एखादी टीम तिथवर पोचली तर विचारूच नका. २००९ ला फायनल याच फोर्ड फील्डवर होती, मिशिगन स्टेट ही तिथलीच कॉलेज टीम घरच्या राज्यात खेळत होती, ७२,९२२ माणूस आत होता आणि तरीही नॉर्थ कॅरोलिनाने त्यांना धुतलं. एवढी माणसं बसली कशी, तर मुळात ते अमेरिकन फुटबॉलचं स्टेडियम आणि कोर्ट मांडलं त्याच्या बरोब्बर मधोमध. म्हणजे वरच्या मजल्यावर बसलात की खेळाडू साबुदाण्याएवढे दिसणार, तुम्ही मॅच बघणार तिथल्या मोठ्या स्क्रीनवर, आणि स्क्रीनवरच बघायची तर ती लेकीच्या सोफ्यावर फुकट आहे, वर चहासकट.

तर आधी ही टूर्नामेंट चालते कशी ते बघू, कारण स्वस्त तिकिटाची सगळी गोम त्यातच आहे. १९३९ ला ८ टीमनी सुरू झाली, १९८५ ला ६४ झाल्या, २०११ ला ६८. हरलात की घरी, दुसरा चान्स नाही. पहिले दोन राउंड आठ वेगवेगळ्या शहरांत होतात, एकेका शहरात आठ टीम. पहिल्या दिवशी आठही खेळतात म्हणजे चार मॅच, मध्ये एक दिवस सुट्टी, मग उरलेल्या चार खेळतात. आणि तिकीट मॅचचं नसतं, सेशनचं असतं, एका सेशनमध्ये दोन मॅच. म्हणजे पहिल्या राउंडला एका तिकिटात दोन मॅच पदरात पडतात, पुढे वरच्या राउंडला भाव जास्त आणि मॅच एकच, असंही होतं.

आता मुख्य गोष्ट. लांबून येणारे फॅन लोक काय करतात, तर दोन्ही दिवसांची सगळी सेशन एकदम घेऊन ठेवतात, आपली टीम जिंकणारच या भरवशावर. गुरुवारी किंवा शुक्रवारी आठातल्या चार टीम हरतात. त्या चार टीमच्या लोकांच्या फोनमध्ये परवाची तिकिटं पडलेली असतात आणि त्यांना परवा त्या गावात क्षणभरही थांबायचं नसतं. ही तिकिटं तुमची.

मी हे ऐकीव सांगत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये मी भावाकडे ओहायोत होते आणि कोलंबसला हा राउंड होता. पर्ड्यू म्हणजे शेजारच्या इंडियानातली मोठी टीम, आपल्या १६ टीमच्या गटात पहिलं मानांकन, मध्ये ७ फूट ४ इंचाचा झॅक ईडी, आणि समोर फेअरले डिकिन्सन म्हणून न्यू जर्सीचं एक कॉलेज, सोळावं म्हणजे गटातलं शेवटचं मानांकन, अख्ख्या डिव्हिजन वनमध्ये (कॉलेज खेळांचा सगळ्यात वरचा दर्जा) उंचीने सगळ्यात बुटकी टीम. पर्ड्यूवाले गाड्या भरभरून आलेले, सगळीकडे त्यांचे काळे-सोनेरी टीशर्ट. भाऊ म्हणाला शुक्रवारचं तिकीट परवडणार नाही, आपण घरी बघू. घरी बघितली, आणि ते बुटके ६३-५८ ने जिंकले! पुरुषांच्या टूर्नामेंटमध्ये सोळाव्याने पहिल्याला हरवायची ही फक्त दुसरी वेळ. मी ओरडत होते आणि आमचे बंधुराज फोन काढून तिकिटांचं अ‍ॅप उघडत होते. मला वाटलं काय हा माणूस, क्षणाचा आनंद नाही. पण त्याला कळलं होतं की आत्ता हजारो पर्ड्यूवाले पार्किंगमध्ये गाडीत बसून हेच अ‍ॅप उघडणार आहेत, विकायला. तरी त्याने लगेच घेतलं नाही. त्या रात्री भाव थोडा उतरला, शनिवारी दिवसभर उतरत गेला, दर दोन तासांनी तो मला आकडा दाखवायचा, वहिनी वैतागली. रविवारी दुपारी घेतलं तेव्हा शुक्रवारी ज्या रांगेकडे बघायची हिंमत नव्हती ती रांग निम्म्याहून कमी भावात मिळाली, त्यात दोन मॅच. आमच्या पुढच्या ओळीत सहा सीट सलग रिकाम्या होत्या, बहुतेक कोणी विकायचेही कष्ट घेतले नसावेत. आणि त्या संध्याकाळी फेअरले डिकिन्सनला हरवलं त्या फ्लोरिडा अटलांटिकने, जी पुढे थेट फायनल फोरला गेली, आम्ही त्यांना जवळपास हाकेच्या अंतरावरून बघितलं.

म्हणून काका, दुसऱ्या राउंडचा दिवस धरा, आणि आधी घेऊन ठेवू नका. मराठी माणसाला हे जड जातं मला माहितीये, आपण शिवाजी मंदिरला खिडकी उघडायच्या आधी प्लॅन बघायला उभे असतो. पण इथे थांबणाऱ्याचं भलं होतं. कुठली टीम कुठल्या शहरात ते सिलेक्शन संडेला कळतं, २०२७ ला तो १४ मार्चला आहे. त्या रात्री गाडीने जाता येईल अशी शहरं काढा आणि बघा की तिथे जवळपासचं कोणी मोठं कॉलेज पडलंय का. पडलं असेल तर ते शहर सोडा, कारण गाववाल्यांनी भाव चढवलेला असणार (आणि ते गाववाले हरले तर परत धरा!). जिथे चारही बाजूंनी लांबून टीम आल्यात तिथे जा. पहिलाच राउंड बघायचा असेल तर दुपारचं सेशन बघा, ऑफिसचा दिवस असतो, लोक येत नाहीत, तुम्ही तर रिटायर आहात.

आणखी एक, डेटन. हेही ओहायोतच, अ‍ॅन आर्बरहून तीनेक तास. मेन ड्रॉ सुरू व्हायच्या आधी खालच्या काही टीमची छाटणी तिथे मंगळवार-बुधवारी होते, नावाजलेल्या टीम कमी असल्याने तिकीट हलकं, आणि गाव बास्केटबॉलवेडं. ती फेअरले डिकिन्सन दोन दिवस आधी तिथूनच जिंकून आली होती.

पण मला विचाराल तर तुमच्यासाठी सगळ्यात सोपं काय, तर मुलींची टूर्नामेंट. नाक मुरडू नका काका, २०२४ ची मुलींची फायनल टीव्हीवर पुरुषांच्या फायनलपेक्षा जास्त लोकांनी बघितली. तिथे नियम असा आहे की अख्ख्या टूर्नामेंटमधल्या सगळ्यात वरच्या १६ टीम पहिले दोन राउंड आपापल्या कॉलेजच्याच हॉलमध्ये खेळवतात. म्हणजे अ‍ॅन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठाच्या मुली त्या सोळात आल्या तर मॅच लेकीच्या कॅम्पसवर, क्रिसलर सेंटरला. हॉटेल नाही, पेट्रोल नाही, काकू थंडीने कंटाळल्या तर हाफटाइमला घरी. आणि या पहिल्या राउंडची तिकिटं पुरुषांच्या मानाने खूपच स्वस्त असतात.

फुकटही आहे. पहिल्या राउंडच्या आदल्या दिवशी टीमची प्रॅक्टिस लोकांना बघायला उघडी असते, तिकीट नाही. तसंच फायनल फोरच्या आदल्या शुक्रवारी, म्हणजे २ एप्रिलला, चारही टीमची प्रॅक्टिस स्टेडियममध्ये फुकट बघायला मिळते, एवढंच की त्या वर्षीची वेळ आणि दरवाजे आधी बघून ठेवा. फोर्ड फील्डमध्ये पाय ठेवायची हौस त्यात भागेल. तुमच्यासारख्या खेळलेल्या माणसाला तर मॅचपेक्षा प्रॅक्टिसमध्ये जास्त दिसतं, पोरं मूड लागला की काय काय करतात बघा.

लेक विद्यार्थिनी आहे हेही विसरू नका, तिचं कॉलेज टूर्नामेंटमध्ये असेल तर विद्यार्थ्यांसाठी वेगळी स्वस्त तिकिटं असतात, फक्त ती तिच्या आयडीवर तिच्यासाठीच, त्यावर बाबांना घुसवता येत नाही. तिने तिथे उड्या मारायच्या आणि तुम्ही वरून हात करायचा.

पैशाचं दोन शब्दांत. तिकीट फोनवरच येतं, कागद नाही, आणि बारकोड सारखा बदलत राहतो म्हणून कोणी स्क्रीनशॉट पाठवतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा. गेटबाहेर उभं राहून घेऊ म्हणाल तर तेही नको, वानखेडेबाहेर कोणीतरी कानाशी येऊन पुटपुटतो तसले तिथेही असतात. इथलं क्रेडिट कार्ड वापरणार असाल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये इंटरनॅशनल चालू करून जा आणि वर बँक किती टक्के मार्कअप लावते ते बघा, बऱ्याच कार्डांना साडेतीन टक्के पडतो. त्यापेक्षा लेकीच्या कार्डावर घ्या आणि तिला रोख द्या, तिच्या पैशाने नको हेही झालं. एकदा एका साइटवर मी भाव बघून खूश झाले आणि शेवटच्या पानावर फी अशी लागली की तिसरं तिकीट आलं असतं. आता मे २०२५ पासून अमेरिकेत नियम आहे की फीसकट पूर्ण किंमत आधीच दाखवायची, तरीही पैसे भरायच्या आधी एकूण आकडा वाचाच.

आणि पिशवी. कोलंबसला वहिनीने दिलेले धपाटे आम्हाला गाडीतच ठेवून यावे लागले. बहुतेक ठिकाणी पारदर्शक पिशवीच चालते आणि बाहेरचं खाणं नाही, काकूंना आधीच सांगून ठेवा.

प्रश्न: मुलाचा मित्र म्हणतो की मॅच सुरू झाल्यावर तिकीट आणखी स्वस्त होतं, मग तेव्हाच घ्यावं. खरं का?
एक आई, ठाणे

उत्तर: होतं खरं. विकणाऱ्याला कळतं की आता नाही गेलं तर शून्य. पण त्यासाठी तुम्ही हॉलच्या दारात उभं असायला हवं, फोनला नेट हवं, आणि आज घरी परत जायची तयारी हवी. मुलगा एकटा असेल, त्याच गावात राहत असेल तर बिनधास्त करू दे. चार तास गाडी चालवून गेलेल्यांनी तासभर आधी घ्यावं, तेवढ्यात फार फरक पडत नाही आणि डोकं शांत राहतं. आणि हो, चौघांना शेजारी शेजारीच बसायचंय हा हट्ट सोडला तर भाव आणखी खाली येतो, सुटी सीट कोणाला नको असते.

प्रश्न: एवढं लांबचं सांगता, आम्ही गिरगावकरांनी बास्केटबॉल बघायचं कुठे? आणि परवडेल असं?
दोन भाऊ, गिरगाव

उत्तर: तुम्हाला तर चालत जाता येईल! नागपाड्याला मस्तान वायएमसीएचं कोर्ट आहे, तिथल्या गल्ल्यांतून कितीतरी खेळाडू निघालेत. वायएमसीएचं नातंही जुनं, हा खेळच मुळी १८९१ ला अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए ट्रेनिंग स्कूलमध्ये जेम्स नेस्मिथ नावाच्या मास्तरांनी काढला. दुसरं माटुंग्याचं इंडियन जिमखाना, संध्याकाळी दिवे लागले की जा, मॅच बघा आणि येताना उडप्याकडे इडली.

मोठं म्हणाल तर २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या, दोन मॅच झाल्या, पेसर्स आणि किंग्ज. ४ तारखेची पहिली ओव्हरटाइमला जाऊन १३२-१३१ सुटली आणि ती बघायला प्रेक्षकांत बहुतेक शाळकरी पोरं होती, त्यांना बोलावून फुकट बसवलेलं. माझ्या शेजारणीचा मुलगा त्यात होता, नंतर महिनाभर तो बिल्डिंगच्या जिन्यात ड्रिबल करत होता आणि खालचे आजोबा वर येऊन भांडत होते.