वाचकांचे प्रश्न : शेजाराकडे नेणारी धर्मविषयक पुस्तके

प्रश्न : लालबागची आमची चाळ पाडून तेथे टॉवर उभा राहिला आणि गेल्या वर्षी आम्ही बाविसाव्या मजल्यावर राहायला आलो. चाळीत दत्तजयंतीला गॅलरीत सर्वांची पंगत बसत असे. येथे शेजारचे आजोबा वारल्याचे आम्हांला वॉचमनकडून कळले. मी नेमाने पोथी वाचते, पण धर्म देवघरापुरताच उरला, असे मन खाते. माणसांना जोडणाऱ्या अध्यात्माविषयी मराठीत काय वाचावे?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : हा प्रश्न गेल्या अंकात छापल्यावर वाचकांनी बरीच पुस्तके सुचवली. त्यांतील स्तोत्रसंग्रह मी बाजूला ठेवले आहेत, कारण आपला प्रश्न उपासनेचा नसून शेजाराचा आहे.

सर्वाधिक पत्रांत इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’ या संग्रहातील ‘वाटचाल’ या लेखाचे नाव आहे आणि माझीही पहिली शिफारस तीच आहे. पंढरीच्या वाटेवर एकाच दिंडीत चालणारे, तेच अभंग म्हणणारे ब्राह्मण आणि मराठा वारकरी मुक्कामावर मात्र वेगवेगळे जेवतात, ही गोष्ट त्या लपवत नाहीत; ती त्यांना रोज सलते, आणि आपण मराठा बायकांबरोबर जेवलो तेव्हा त्या बायका किती मोकळेपणाने जवळ आल्या, हेही त्या सांगतात. भक्तीने माणसे आपोआप एक होतात, असा सोपा दिलासा त्यात नाही, म्हणूनच तो लेख मला खरा वाटतो. तो वाचताना चाळीची पंगत आठवेलच, पण त्या पंगतीला कोणाला बोलावणे जात नसे, हेही आठवेल. त्याच वाटेवर १९६१ साली दि. बा. मोकाशी चालले, त्यांचे ‘पालखी’ यानंतर वाचावे.

माटुंग्याच्या एका वाचकांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ सुचवले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा हा मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही, पण दोन माणसांचा एकमेकांशी संबंध आला की धम्मावाचून सुटका नाही, असे बाबासाहेब त्यात मांडतात. देवघरापुरत्या उरलेल्या धर्माची आपल्याला जी खंत वाटते, तिला याहून थेट उत्तर मला ठाऊक नाही. ग्रंथ मोठा आहे. रोज थोडा थोडा वाचावा. ६ डिसेंबरच्या सुमारास शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, तेथून तो घ्यावा. गावोगावहून आलेली माणसे तेथे उभ्या उभ्या पाने चाळत असतात.

विनोबांची ‘गीता प्रवचने’ आपल्या घरी कदाचित असतीलही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात रविवारी रविवारी ही अठरा प्रवचने झाली आणि सहबंदी साने गुरुजींनी ती लिहून घेतली. श्रोत्यांसमोर बसून सांगितलेले असल्यामुळे हे पुस्तक एकट्याने मनात वाचण्यापेक्षा चारचौघांत मोठ्याने वाचलेले अधिक उतरते. विलेपार्ल्याच्या एका वाचक भगिनी लिहितात की, त्यांच्या इमारतीत महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी एकेक प्रवचन वाचले जाई. जिच्या घरी बैठक, तिने फक्त चहा करायचा आणि वाचायचे शेजारणीने. दीड वर्षात पुस्तक पुरे झाले, तेव्हा अकरा जणी होत्या. पहिल्या रविवारी दोघीच होत्या.