वाचकांचे प्रश्न : कोबी सोडावा का?

प्रश्न : आमचे घर तीन पिढ्यांचे माळकरी, घरात अंडेसुद्धा येत नाही. गेल्या महिन्यात चौदा वर्षांच्या पुतण्याला अचानक फिट आली. एमआरआय काढल्यावर मेंदूत पट्टकृमीच्या अळीची गाठ असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. कच्च्या कोबीतला किडा डोक्यात गेला, असे गावात सगळे म्हणतात. शाकाहारी माणसाला डुकराचा जंत कसा होतो, आणि आम्ही कोबी सोडावा का?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : कोबी सोडू नका, तो कोणत्या पाण्यावर पिकला आणि कोणाच्या हातांनी चिरला गेला, हे मात्र जरूर पाहा. कोबीच्या पानांत दिसणारी हिरवी अळी पतंगाची किंवा फुलपाखराची असते आणि मेंदूतल्या गाठीशी तिचा काहीही संबंध नसतो.

हा कृमी माणसाला दोन निरनिराळ्या वाटांनी बाधतो. डुकराच्या मांसात भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या गाठी असतील आणि ते मांस अर्धेकच्चे खाल्ले गेले, तर माणसाच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो, कित्येक फूट लांब होतो आणि वर्षानुवर्षे तिथे राहू शकतो. बहुतेकदा त्या माणसाला काहीच त्रास जाणवत नाही. पण त्याच्या विष्ठेतून कृमीचे पांढरे, चपटे तुकडे बाहेर पडत राहतात आणि अशा एकेका तुकड्यात हजारो अंडी असतात. ही अंडी डुकराच्या पोटात गेली तर त्याच्या स्नायूंत गाठी होतात. माणसाच्या पोटात गेली तर त्याच्या स्नायूंत, डोळ्यांत किंवा मेंदूत होतात. तुमच्या पुतण्याच्या बाबतीत ही दुसरी वाट घडली आहे. ऐकायला कटू वाटेल, पण पट्टकृमी असलेल्या कुणाच्या तरी विष्ठेतली अंडी त्याच्या तोंडापर्यंत पोहोचली, आणि त्यासाठी त्याने स्वतः मांस खाण्याची गरज नव्हती. न्यूयॉर्कमधल्या सनातनी ज्यू वस्तीत, जिथे डुकराचे मांस धर्मानेच निषिद्ध आहे, तिथल्या चार जणांना हाच आजार झाल्याची नोंद १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. संसर्गाचा माग घरकामासाठी लॅटिन अमेरिकेतून आलेल्या व्यक्तींपर्यंत पोहोचला होता.

म्हणूनच सर्वांत मोठा धोका घरात किंवा शेजारी पट्टकृमी बाळगणारी व्यक्ती असण्याचा आहे, विशेषतः ती स्वयंपाक करत असेल आणि शौचानंतर साबणाने हात धूत नसेल तर. त्याखालोखाल धोका सांडपाण्यावर किंवा कच्च्या सोनखतावर पिकवलेल्या, कच्च्याच खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांचा : कोथिंबीर, मुळा, गाजर, कोबी. ओलसर मातीत ही अंडी महिनोन्‌महिने तग धरतात. मिठाच्या पाण्यात भाजी बुडवून ती मरतील असा भरवसा धरता येत नाही. वाहत्या पाण्याखाली एकेक पान चोळून धुतल्याने बरीचशी निघून जातात आणि शिजवल्याने मरतात.

गावाच्या पातळीवर पाहिले तर उघड्यावरचे शौच आणि मोकाट फिरणारी डुकरे एकत्र आली की कृमीचे चक्र अखंड चालू राहते. इथे डुकरे पाळणाऱ्या वस्तीकडे बोट दाखवले जाते, आणि ते मला अन्यायाचे वाटते. डुक्कर विष्ठा खाते, कारण ती उघड्यावर पडलेली असते, आणि ती टाकणारा कोणत्याही वस्तीतला असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, जिथे हा कृमी मुरलेला आहे तिथे फेफऱ्याच्या सुमारे ३० टक्के रुग्णांत मूळ कारण हेच असते.

आता घरातल्या सर्वांची, तसेच घरी स्वयंपाकाला किंवा मळ्यात कामाला येणाऱ्यांची, शौच तपासणी करून घ्या. एकाच नमुन्यात अंडी सापडतीलच असे नसते. म्हणून वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने द्यावेत. मात्र गाठ होण्यापासून फिट येईपर्यंत कित्येक महिने, कधी वर्षेही जातात, त्यामुळे ज्याच्याकडून बाधा झाली तो माणूस आज घरात नसेलही.

प्रश्न : शाळेत वर्षातून दोनदा जंताची गोळी देतात. ती पुरेशी नाही का?
— एक शिक्षिका, बीड जिल्हा

उत्तर : ती गोळी अल्बेंडाझोलची असते आणि गोल जंत, अंकुशकृमी व चाबूककृमी यांच्यासाठी दिली जाते, ती मुलांनी अवश्य घ्यावी. पण तिच्या एका मात्रेने पट्टकृमी जाईलच, असे धरून चालू नये. त्यासाठी निक्लोसामाइड किंवा प्राझिक्वांटेल वापरतात. ज्याला फिट येते त्याला यांपैकी कोणतेही औषध आपल्या मनाने देऊ नका, कारण मेंदूत गाठ असल्यास अल्बेंडाझोल किंवा प्राझिक्वांटेलने तिच्यातली अळी मरताना सूज वाढते आणि फिट पुन्हा येऊ शकते. अशा विद्यार्थ्याच्या पालकांशी गोळीच्या दिवसाआधीच बोलून घ्या.