‘नुसती नोटीस’ आली म्हणून तारीख चुकवलीत?

दर हंगाम संपला की अशी पत्रे येतात. संघ बदलतात, शिव्या त्याच असतात. त्यातले हे एक निवडले, कारण पत्रलेखकाने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट चौथ्या पानावर, जाता जाता लिहिली आहे.

हकिगत अशी. दोन प्रतिस्पर्धी संघांच्या चाहत्यांचा मिळून एक व्हॉट्सॲप ग्रुप. अंतिम सामन्याच्या रात्री (यांचा संघ जिंकला की हरला ते पत्रावरून कळत नाही, आणि कायद्याला त्याने फरक पडत नाही) एका सदस्याने यांना आईबहिणीवरून शिव्या दिल्या, वर ‘पुढच्या मॅचला गेटवर भेट, पाय मोडून परत पाठवतो’ असे लिहिले. यांनीही तितक्याच ताकदीने उत्तर दिले. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवली. पुढे काही झाले नाही. आता चौदा महिन्यांनी त्या गृहस्थानेच यांच्याविरुद्ध दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार केली आहे. यांचे प्रश्न पाच: पोलिसांनी काहीच केले नाही त्याचे काय, माहिती तंत्रज्ञान कायद्याचे (ऑनलाइन आक्षेपार्ह संदेशांबद्दलचे) ६६ अ कलम लावता येईल का, ग्रुप ॲडमिनला आरोपी करता येईल का, अब्रुनुकसानीची भरपाई मिळेल का, आणि इतक्या उशिरा केलेली तक्रार मुदतीबाहेर नाही का.

आणि चौथ्या पानावर हे: ‘कोर्टाच्या नोटिशीची पहिली तारीख होऊन गेली. समन्स नाही, नुसती नोटीस आहे, जायची गरज नाही, असे मित्र म्हणाला म्हणून गेलो नाही. पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे.’

तो मित्र वकील नसावा, अशी आशा आहे.

पाचही प्रश्न जरा बाजूला ठेवा. घटना १ जुलै २०२४ नंतरची, म्हणजे नवे कायदे लागू. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत खासगी तक्रार झाली की आरोपीला बहुधा समन्स हातात पडल्यावरच पत्ता लागायचा, आणि त्याआधी त्या न्यायालयात त्याचे म्हणणे कोणी ऐकत नसे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ मध्ये एक परंतुक (कलमाला जोडलेली अट) नव्याने आले आहे. आरोपीला म्हणणे मांडायची संधी दिल्याशिवाय दंडाधिकाऱ्यांनी गुन्ह्याची दखल घ्यायची नाही, असे ते सांगते. तुमच्या हातातली ‘नुसती नोटीस’ ती हीच. खटला अजून सुरू झालेला नाही, आणि तो सुरू होऊ नये असे म्हणण्याची जागा तुम्हाला कायद्याने दिली आहे. ती संधी तुम्ही एकदा वाया घालवलीत.

ही संधी गेली तर काय होते? दंडाधिकारी दखल घेतील आणि प्रोसेस, म्हणजे तुम्हाला आरोपी म्हणून हजर राहण्याचा आदेश, काढतील. एकदा प्रोसेस निघाली की ती मागे घ्यायचा अधिकार त्याच दंडाधिकाऱ्यांना राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे अदालत प्रसाद विरुद्ध रूपलाल जिंदाल या खटल्यात २००४ मध्येच स्पष्ट केले आहे. मग तुम्हाला सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज किंवा उच्च न्यायालयात याचिका करावी लागते. जे काम आज अर्ध्या तासाच्या युक्तिवादात होऊ शकते, त्यासाठी मग तारखांमागून तारखा. आपल्या न्यायालयांचा वेग तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या नातवंडांनाही तो संघ आवडत असेल तेव्हा प्रकरण निकालाला येईल, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण फार नाही.

तेव्हा या आठवड्यात वकीलपत्र द्या आणि पुढच्या तारखेला स्वतःही हजर राहा. पहिल्या तारखेला गैरहजर राहिल्याबद्दल साधा अर्ज द्या, आणि त्यात मित्राचे नाव घेऊ नका. दखल आधीच घेतली गेली आहे का, हे वकिलांना रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झाले याची न्यायालयातली नोंद) पाहून आजच कळेल. पुढची तारीखही त्याच टप्प्यासाठी असावी असे नोटिशीवरून वाटते, पण खात्री रोजनाम्यानेच होईल.

त्या दिवशी काय बोलायचे? इथे तक्रारीची प्रत लागेल. तुम्ही पत्राला नोटीस जोडलीत, तक्रार जोडली नाहीत. प्रत मिळाली नसेल तर पहिला अर्ज तिच्यासाठीच करा.

तक्रार बहुतेक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५२ खाली असेल, म्हणजे शांतताभंगाला चिथावणी मिळेल अशा हेतूने केलेला अपमान. जुन्या दंड संहितेतले ५०४. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, गुन्हा जामीनपात्र, तेव्हा अटकेच्या भीतीने झोप उडवून घेऊ नका. या कलमाचा जीव शिवीत नसून चिथावणीत आहे. फियोना श्रीखंडे यांच्या खटल्यात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटक सांगितले: अपमान हेतुपुरस्सर हवा, तो समोरच्याला चिथावेल असा हवा, आणि त्या चिथावणीने शांतता भंगेल याचा हेतू किंवा जाणीव हवी. नुसता उर्मटपणा, नुसती शिवराळ भाषा पुरत नाही. २०२३ मध्ये मोहम्मद वाजिद यांच्या खटल्यात न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेले. अपमान शब्दांनी झाला असेल तर ते शब्द नेमके कोणते हे कळले पाहिजे. ते तक्रारीत नसतील तर अपमान झाला की नाही हे ठरवणेच शक्य नाही.

आता तुमची एनसी वाचा. तिच्यात लिहिले आहे: ‘अर्वाच्य भाषेत शिवीगाळ व दमदाटी केली.’ बस. एकही शिवी नाही. तुम्ही मला लिहिलेल्या पत्रातही ‘लिहिता येणार नाहीत असे शब्द’ एवढेच आहे. धमकी तेवढी शब्दशः उतरवलीत. आपल्याकडे हा संकोच फार. ग्रुपवर दोनशे लोकांसमोर जे लिहायला कोणाला लाज वाटत नाही, ते तक्रारीच्या कागदावर लिहायला सगळ्यांना वाटते. तुम्हाला जे लिहवत नाही ते न्यायाधीशांनी ओळखायचे कसे? (दोन पुरुषांचे भांडण संघावरून, आणि शिव्या खाणार मात्र त्यांच्या आया, ज्यांनी तो सामना पाहिलाही नसेल, याबद्दल पुन्हा कधीतरी.)

तुमच्या प्रतिस्पर्ध्याला हा संकोच नडला नसेल, तर त्याच्या तक्रारीत तुमचे शब्द अक्षरशः असतील आणि त्याचे स्वतःचे अर्थातच नसतील. तसे असेल तर कागदावर आज शिव्या देणारे एकटे तुम्हीच आहात. म्हणून तुमच्या म्हणण्याचा गाभा हा ठेवा: तक्रारदाराने संवादाचा निवडक तुकडा दिला आहे, आधीचे संदेश गाळले आहेत, आणि तो ज्याला चिथावणी म्हणतो ते त्याच्याच चिथावणीला दिलेले उत्तर आहे. ‘त्याने आधी दिली’ हा शाळकरी बचाव आहे आणि त्याने तुमची शिवी पुसली जात नाही. पण शांतता भंगावी असा हेतू कोणाचा होता, या प्रश्नावर तो उपयोगी पडू शकतो. दखलपूर्व सुनावणीत आरोपीला कितपत बोलू द्यायचे, कागदपत्रे दाखवू द्यायची की नाही, यावर न्यायालयांची पद्धत अजून एकसारखी झालेली नाही. काही दंडाधिकारी पाच मिनिटे ऐकतील, काही लेखी म्हणणे घेतील. लेखी तयार ठेवा.

आधीचे संदेश आणायचे कुठून? तुम्ही लिहिता, जुना फोन बदलला, बॅकअप घेतला नव्हता, स्क्रीनशॉट आहेत. म्हणजे एनसी दिली आणि पुरावा विकून टाकला. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा प्रतीसोबत प्रमाणपत्र लागते, आणि आता ते दोन भागांत: एक सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, हॅश मूल्यासह (फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे तपासता येईल असा तिचा आकडेवजा ठसा). जो फोन तुमच्याकडे नाही त्याबद्दल तुम्ही प्रमाणित काय करणार? मार्ग एकच दिसतो. ग्रुपमधल्या ज्याच्या फोनवर त्या रात्रीचे संदेश अजून आहेत असा एक माणूस शोधा, मग तो समोरच्या संघाचा असला तरी चालेल. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, या जालन्याच्या निवडणुकीवरून निघालेल्या खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ज्याचे उपकरण आहे त्याने साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन मूळ उपकरणच हजर केले तर प्रमाणपत्राची गरज नाही. तो निकाल जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५ ब कलमावरचा आहे. नव्या कलमाला तो तसाच लागू पडेल असे मला वाटते, तरी शक्य असेल तर प्रमाणपत्रही घ्या. त्या माणसाला फोन जपून ठेवायला आजच सांगा. तुमचे स्वतःचे जे संदेश अजून कुठे असतील ते ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करायचा मोह मात्र आवरा. ते समोरच्याकडे आहेतच, वर पुरावा नष्ट केल्याचा ठपका येईल.

आता राहिलेले प्रश्न, भराभर.

पोलिसांना दोष देऊ नका. ३५२ अदखलपात्र आहे. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय त्यांना तपासच करता येत नाही. एनसी ही नोंद आहे, एफआयआर नव्हे. दंडाधिकाऱ्यांकडे जायचे काम तुमचे होते, आणि ते समोरच्याने केले.

६६ अ श्रेया सिंघल खटल्यात २०१५ मध्येच रद्द झाले. दर वेळी कोणीतरी विचारतेच.

ॲडमिनला सोडा. सदस्याच्या संदेशासाठी, समान हेतू असल्याशिवाय, ॲडमिन जबाबदार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे.

लेखी बदनामीच्या भरपाईच्या दाव्याला मुदत एक वर्षाची. चौदा महिने झाले. तो विषय संपला. तसाही तुम्ही जे सांगता त्यात शिव्या आहेत, बदनामी करणारे विधान दिसत नाही.

त्याची तक्रार मात्र मुदतीत आहे. दोन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ प्रमाणे तीन वर्षे मिळतात. त्याने न्याय संहितेचे अश्लील शब्दांचे कलम २९६ सोबत लावले असेल तर त्याची एक वर्षाची मुदत उलटली म्हणून खूश होऊ नका. गुन्हे एकत्र चालणार असतील तर जास्त शिक्षेच्या गुन्ह्याची मुदत धरतात. २९६ ला दुसरे उत्तर आहे: गलिच्छ म्हणजे अश्लील नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका वेबमालिकेच्या प्रकरणात सांगितले आहे. कोणाच्याही संदेशात जातीचा किंवा धर्माचा उल्लेख असेल तर मात्र माझे वरचे बरेचसे म्हणणे विसरा आणि वकिलांना ते सगळ्यात आधी सांगा. तिथे कायदा पूर्ण वेगळा आहे आणि जामीनही सोपा नाही.

तीच तीन वर्षे तुम्हालाही आहेत, आणि ‘पाय मोडून परत पाठवतो’ या वाक्याला तर मुदतच नाही. जबर दुखापतीची धमकी न्याय संहितेच्या कलम ३५१(३) मध्ये बसली तर शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. बसेल का? माणिक तनेजा खटल्यात २०१५ मध्ये न्यायालय म्हणाले की घाबरवण्याचा हेतू नसेल तर नुसते शब्द पुरेसे नाहीत. त्यानंतर तो खरोखर गेटवर आला का, फोन केले का, यावर सगळे अवलंबून आहे, आणि तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेले नाही. तसे काही घडले नसेल तर केवळ सूड म्हणून उलट तक्रार करू नका. ३५२ काय आणि धमकी काय, दोन्ही तडजोडीने मिटू शकणारे गुन्हे आहेत. उलट तक्रार तयार आहे हे समोरच्या वकिलांना कळले की बहुतेक वेळा चहाच्या टपरीवरच बोलणी सुरू होतात.

पत्रावरून दिसते की तुम्ही दोघेही अजून त्याच ग्रुपमध्ये आहात. पुढच्या तारखेआधी तुमच्या दोन संघांचा सामना आहे, असेही तुम्हीच लिहिले आहे. त्या रात्री फोन घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्या.