‘स्टिकी फिंगर्स’ जमवायला घेताय?

रोलिंग स्टोन्स या रॉक बँडच्या या अल्बमच्या कव्हरवर जीन्सचा फोटो आहे. आधी त्यावर खरी झिप असलेली १९७१ची ब्रिटिश किंवा अमेरिकन प्रत घ्या. बाकीच्या देशांतल्या आवृत्त्या कुठे पळून जात नाहीत. झिप सरकते का, गंजलीय का, ते जवळून काढलेल्या फोटोत बघा. ठेवताना ती अर्धी खाली ओढा. वर राहिली तर रेकॉर्डच्या गाण्यांच्या भागावर दाब येतो, मधोमध आली तर फक्त मधल्या कागदी लेबलवर.

मग स्पेन. हुकूमशहा फ्रँकोच्या सेन्सॉरला ती जीन्स खपली नाही, म्हणून कव्हरवर डब्यातून वर आलेली बोटं. शिवाय ‘सिस्टर मॉर्फिन’ हे गाणं गायब, जागी ‘लेट इट रॉक’ लाइव्ह. नुसतं कव्हर बघून पैसे देऊ नका, लेबलवरची गाणी वाचा, आतली रेकॉर्ड बदललेली असू शकते.

१९९२ची रशियन, विळा-हातोड्याच्या बकलची, मला स्पॅनिशपेक्षा आवडते. पण तिची घाई नको.